धूर वाचण्याची रीत: नरवाईच्या जाळापासून पृथ्वीच्या तापमानापर्यंत

चैत्र लागता लागता इंदूरभोवतीच्या शेतांतला गहू निघतो. हार्वेस्टर कापणी करून पुढे जातो आणि मागे वीतभर, कधी हातभर उंचीची पिवळी धसकटे उभी राहतात. माळव्यात त्यांना ‘नरवाई’ म्हणतात आणि इथल्या मराठी घरांतही तोच शब्द रुळला आहे. शेत लवकर मोकळे व्हावे म्हणून पुष्कळ ठिकाणी ही नरवाई पेटवून दिली जाते. त्याच दिवसांत गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया संध्याकाळी उचलायला जावे, तर त्यांवर काळी, हलकी, बोट लावताच चुरा होणारी कुसळे पडलेली असतात. धुराचा विचार बहुतेकांच्या मनात या कुसळांपासून सुरू होतो; परंतु पृथ्वीच्या हवामानाच्या दृष्टीने ती जवळजवळ बिनमहत्त्वाची आहेत, कारण ती जड असतात आणि काही तासांत खाली येतात. हवामानाशी खरा संबंध आहे तो कुरडयांवर कधीच न दिसणाऱ्या कणांचा. त्यांचा व्यास बहुधा ०.१ ते ०.३ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोनशेव्या ते सातशेव्या हिश्शाएवढा असतो, आणि ते आठवडाभर हवेत राहून शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर प्रवास करतात.

हे कण पृथ्वीला तापवतात की थंड करतात, असा प्रश्न विद्यार्थी, शेजारी आणि शेती असलेले नातेवाईक मला नेहमी विचारतात. याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण उत्तर कसे काढावे, हे मात्र कोणालाही शिकता येते. त्यासाठी चार गोष्टी पाहाव्या लागतात: धूर कसा निघाला, त्याच्या खाली काय आहे, ढगांशी त्याची गाठ पडते का आणि तो किती उंचीवर आहे. माझ्या मते यांतल्या पहिल्या दोन गोष्टी नीट कळल्या, की अर्धे काम झाले, म्हणून पुढे त्यांनाच अधिक जागा दिली आहे. लागणारे साहित्य देवघरात आणि स्वयंपाकघरात आहे. नकाशांसाठी इंटरनेट असलेला मोबाईल पुरतो. प्रयोगासाठी म्हणून नरवाई मात्र कोणी पेटवू नये. ते मध्य प्रदेशात दंडनीय आहे, आणि दंड टळला तरी छातीत जाणारा धूर टळत नाही.

जाळ आणि धुमस

सर्वांत आधी जळण्याचे दोन प्रकार डोळ्यांनी वेगळे करायला शिकावे. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी आजी काजळ धरत असे: तेलाच्या दिव्याची वात जराशी मोठी करून, तिच्यावर तांब्याची वाटी अशी पालथी ठेवायची, की ज्योतीचे टोक वाटीच्या पोटाला लागेल. तेच आज करावे. पाच मिनिटांत वाटीच्या आत मखमलीसारखा काळा थर जमतो. ज्योतीच्या आतल्या भागात उष्णता भरपूर असते, पण ऑक्सिजन अपुरा असतो. तेलाच्या वाफेतला कार्बन पूर्ण जळत नाही आणि त्याचे अतिसूक्ष्म गोळे मण्यांच्या माळेसारखे एकमेकांना चिकटतात. ज्योत मोकळी असती, तर त्यांतले बरेच कण टोकाशी पोहोचून जळून गेले असते. वाटीच्या थंड धातूने त्यांना मध्येच पकडले. शास्त्रज्ञ ज्याला ब्लॅक कार्बन म्हणतात, तो हाच. त्याच्यावर पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश, मग तो कोणत्याही रंगाचा असो, तो शोषून घेतो आणि त्याची उष्णता सभोवतालच्या हवेला देतो.

आता गोवरीचा एक तुकडा पेटवून ज्योत विझू द्यावी, म्हणजे तो नुसता धुमसत राहील. त्याच्यावर वीतभर उंचीवर पांढरा कागदी रुमाल दहा मिनिटे धरावा. हे काम अंगणात किंवा गच्चीवर, जवळ पाण्याची बादली ठेवून करावे आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी दूर राहावे. रुमालावर जो डाग पडतो, तो काळा नसतो. तो चहाच्या डागासारखा पिवळसर तपकिरी असतो. धुमसण्यात तापमान कमी असते, गोवरीतली सेंद्रिय द्रव्ये पूर्ण न जळता वाफ होऊन निघतात आणि थंड होताच सूक्ष्म थेंब बनतात. हे सेंद्रिय कण प्रकाश मुख्यतः विखुरतात. त्यांतला काही भाग निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश शोषतो, म्हणून डाग तपकिरी दिसतो. त्या भागाला ब्राउन कार्बन असे नाव आहे.

शेतात हे दोन्ही प्रकार एकाच वेळी चालू असतात. दुपारच्या उन्हात कडकडीत वाळलेल्या काड्या वाऱ्यावर भडकतात, तेव्हा धुरात काळ्या कार्बनचे प्रमाण वाढते. दवाने ओलसर झालेले किंवा ढीग लावलेले काड रात्रभर धुमसते, तेव्हा सेंद्रिय कण आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतात. रस्त्याने जाताना धूर दिसला, की वहीत वेळ, वारा, ज्योत दिसते की नाही आणि धुराचा रंग या गोष्टी लिहून ठेवाव्यात. दाट पांढऱ्या धुरात ओल्या काडाच्या पाण्याची वाफही मिसळलेली असते, म्हणून पांढरा धूर म्हणजे निरुपद्रवी धूर, असा समज करून घेऊ नये.

वजनाचा अंदाज असलेला बरा. भारतात नेहमी दिल्या जाणाऱ्या हिशेबानुसार एक टन पेंढा जाळला, तर सुमारे १,४६० किलो कार्बन डायऑक्साइड, ६० किलो कार्बन मोनॉक्साइड आणि अवघे ३ किलो कण निघतात. हे ३ किलो पाहून कणांकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. परंतु कार्बन डायऑक्साइड उन्हाला जवळजवळ आरपार जाऊ देतो आणि जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतो. कण मात्र वरून येणाऱ्या उन्हालाच वाटेत गाठतात. दोघांचे काम वेगळे असल्यामुळे नुसत्या वजनावरून त्यांची तुलना होत नाही.

धुराखाली काय आहे

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग आहे आणि तो घाईत करू नये. सकाळी वारा पडलेला असताना, ऊन येणाऱ्या भिंतीला एक काळी पाटी आणि तेवढाच एक पांढरा पुठ्ठा शेजारी शेजारी टेकवून ठेवावा. ऊन आपल्या पाठीमागून किंवा बाजूने यावे. पाटीपासून हातभर पुढे उदबत्ती लावावी आणि धुरातून मागच्या पाटीकडे पाहावे. धुराची रेघ निळसर पांढरी, अगदी ठळक दिसते: एरवी पाटीने गिळून टाकले असते असे ऊन या कणांनी वाटेतच परत फिरवले आहे. आता उदबत्ती पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर सरकवावी. तीच रेघ जवळजवळ नाहीशी होते किंवा किंचित मळकट, तांबूस दिसते. धूर बदललेला नाही. मागची पार्श्वभूमी बदलली.

यानंतर उदबत्तीच्या जागी धातूच्या पळीत कापराची वडी पेटवावी. कापराच्या ज्योतीतून काजळी भरपूर निघते. पुठ्ठ्यासमोर तिच्या काळ्या शिरा स्पष्ट उठून दिसतात. पाटीसमोर त्या शोधाव्या लागतात. पुठ्ठ्यावर धुराची सावलीही पडते आणि नवखा माणूस तिलाच धूर समजतो, म्हणून डोके थोडे बाजूला नेऊन सावली आणि धूर वेगळे करून घ्यावेत. माझ्याकडून पहिल्यांदा हीच चूक झाली होती आणि उदबत्तीचा धूर पुठ्ठ्यासमोर चांगला काळा दिसतो, असे मी वहीत लिहून बसलो होतो.

पाटीच्या जागी समुद्र आणि पुठ्ठ्याच्या जागी ढग किंवा बर्फ कल्पावे, म्हणजे पृथ्वीवर काय घडते, ते कळते. खुला समुद्र त्याच्यावर पडलेल्या उन्हातले साधारण ६ टक्केच परत पाठवतो, दाट ढग निम्म्याहून अधिक आणि ताजे बर्फ ८० टक्क्यांपेक्षाही जास्त. गडद समुद्रावर धूर तरंगत असेल, तर एकूण परावर्तन वाढते आणि पृथ्वीला मिळणारी उष्णता घटते. तोच धूर पांढऱ्या ढगांच्या वर असेल, तर परत जाणारे ऊन कण शोषतात आणि एकूण उष्णता वाढते. याचे सर्वांत मोठे नैसर्गिक उदाहरण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. दरवर्षी साधारण जुलै ते ऑक्टोबरच्या काळात आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या गवताळ रानांचा धूर अँगोला आणि नामिबियाच्या किनाऱ्यापलीकडे, अटलांटिकवर पसरलेल्या सखल ढगांच्या वरून वाहतो. तो अभ्यासण्यासाठी नासाने २०१६ ते २०१८ या वर्षांत ‘ऑरॅकल्स’ या मोहिमेत उपकरणे घेतलेली विमाने तिथे पाठवली होती. एकाच धुराच्या पट्ट्याखाली कुठे ढग असतात, कुठे उघडा समुद्र. पट्ट्याचा एक भाग उष्णता वाढवतो, तर दुसरा कमी करतो.

आता हीच दृष्टी आपल्या शिवाराला लावून पाहावी. माळव्याची काळी माती ही पाटीच आहे. उभी नरवाई फिकट पिवळी, म्हणजे पुठ्ठ्याच्या जवळची. ती जळून गेली, की शेताचा रंगच बदलतो आणि नांगरट होईपर्यंत ते शेत आधीपेक्षा जास्त ऊन शोषत राहते. राळामंडळच्या टेकडीवरून एप्रिलच्या उतरत्या उन्हात खाली पाहिले, तर पिवळ्या शेतांमध्ये काळे चौकोन वेगळे मोजता येतात. आकाशातल्या धुराइतकेच हे चौकोनही आपल्या वहीत यावेत, असा माझा आग्रह आहे.

बर्फासाठी एक छोटा प्रयोग पुरतो. फ्रीजमधले बर्फाचे दोन सारखे तुकडे बशीत घेऊन एकावर चिमूटभर काजळी भुरभुरावी आणि दोन्ही उन्हात ठेवावेत. काजळीचा तुकडा आधी वितळतो. हिमालयाच्या उतारांवर काळा कार्बन जाऊन बसतो, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर होते.

इथे हिशेबाची एक बाब सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गोंधळ तिच्यापाशी होतो. धुराचा परिणाम तीन ठिकाणी वेगवेगळा मोजावा लागतो: वातावरणाच्या माथ्यावर, हवेच्या थरात आणि जमिनीवर. १९९९ साली हिंदी महासागरावर ‘इंडोएक्स’ ही आंतरराष्ट्रीय मोहीम झाली आणि तिच्यात वीरभद्रन रामनाथन व पॉल क्रुट्झेन या शास्त्रज्ञांचा पुढाकार होता. भारतीय उपखंडावरून समुद्राकडे जाणारा तपकिरी धुरकट थर तिथे तपासला, तेव्हा माथ्यावरचा फरक लहान, पण जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या उन्हातली घट त्याच्या कितीतरी पट मोठी आढळली. मधला फरक हवेच्या थरात उष्णता म्हणून साठत होता. म्हणजे एकाच धुराने जमीन सावलीत गेली आणि हवा तापली. जमिनीला ऊन कमी मिळाले, की बाष्पीभवन घटते. वरची हवा तापली, की खालची हवा वर चढायला अडखळते. मोसमी पावसावर याचा परिणाम होतो, हे मान्य आहे. मात्र कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात तो वाढतो किंवा घटतो, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत.

बाटलीतला ढग

एक लिटरची पातळ प्लास्टिकची बाटली घ्यावी, तिच्यात दोन चमचे कोमट पाणी घालून बूच लावावे आणि हलवावे. बाटली दोन्ही हातांनी घट्ट दाबून एकदम सोडावी. आत फारसे काही दिसत नाही. मग बूच काढून, नुकतीच विझवलेली आगकाडी तोंडाशी धरून थोडासा धूर आत घ्यावा, बूच लावावे आणि पुन्हा दाबून सोडावे. या खेपेला सोडताक्षणी आत पांढरे धुके उभे राहते आणि दाबले, की नाहीसे होते. आगकाडी एकच वापरावी. धूर जास्त झाला, तर बाटली आधीच धुरकट दिसते आणि धुके कोणते, ते ओळखू येत नाही. मागे काळा कागद धरला, तर उत्तम.

दाब सुटला, की हवा प्रसरण पावते, थंड होते आणि बाष्पाला थेंब होण्यासाठी काहीतरी आधार लागतो. तो धुराचे कण देतात. आकाशातही हेच घडते. ढगात पाणी तेवढेच, पण त्याचे वाटेकरी वाढले, तर थेंब संख्येने अधिक आणि आकाराने लहान होतात. असा ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परत पाठवतो. शॉन टूमी या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे मांडले. थेंब लहान राहिले, तर पाऊस पडायलाही उशीर होतो. ढगातला नेहमीचा थेंब सुमारे ०.०१ मिलिमीटर रुंद आणि पावसाचा थेंब १ मिलिमीटर, म्हणजे व्यासाने शंभरपट. तेव्हा पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. वाटेकरी वाढवले, की हे एकत्र येणे किती कठीण होते, ते यावरून समजावे.

परंतु धूर काळा असेल आणि ढगाच्या पातळीवरच असेल, तर तो सभोवतालची हवा तापवून ढग विरवूही शकतो. २००४ साली अमेझॉनच्या खोऱ्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दाट धुराच्या भागातले विखुरलेले ढग जवळजवळ नाहीसे झालेले दिसले, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात धुरामुळे ढगांतला पाऊस लांबलेला आढळला. दोन्ही निष्कर्ष एकाच प्रदेशाचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. म्हणूनच ढगांवरचा परिणाम हा या साऱ्या विषयातला सर्वांत अनिश्चित भाग आहे.

वरून पाहणे

आगींच्या जागा दाखवणारा ‘फर्म्स’ आणि उपग्रहांची छायाचित्रे दाखवणारा ‘वर्ल्डव्ह्यू’ हे नासाचे दोन नकाशे मोफत उघडतात. फर्म्सवर इंदूर शोधून मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या शेवटापर्यंतची एकेक तारीख पाहावी. नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या तारखा निवडून पंजाबकडे नजर न्यावी. आग लावण्याचा प्रत्येक प्रदेशाचा हंगाम असतो, हे दहा मिनिटांत डोळ्यांसमोर येते. नकाशावरचा लाल ठिपका म्हणजे एक शेत नव्हे. ‘मोडिस’ या उपकरणाचा एक चौकोन साधारण १ किलोमीटरचा आणि ‘व्हिर्स’चा ३७५ मीटरचा असतो; त्या चौकोनात कुठेतरी आसपासच्या जमिनीपेक्षा फार जास्त उष्णता आढळली, एवढाच त्याचा अर्थ. जो ठिपका वर्षभर त्याच जागी दिसतो, तो बहुधा एखाद्या भट्टीचा असतो. शिवाय व्हिर्सचे उपग्रह दुपारी आणि रात्री साधारण दीडच्या सुमारास आपल्यावरून जातात. संध्याकाळी पाच वाजता पेटून आठ वाजता विझलेली नरवाई त्यांना दिसेलच असे नाही, आणि ढगांखालची आग तर दिसतच नाही. ठिपके कमी झाले म्हणजे आगी कमी झाल्या, असे म्हणण्याआधी आपल्या वहीतल्या वेळा पाहाव्यात. रस्त्यावरून केलेली नोंद इथे उपग्रहाला पूरक ठरते.

वर्ल्डव्ह्यूवर त्याच दिवसाचे खऱ्या रंगातले छायाचित्र घेऊन त्यावर एरोसॉल ऑप्टिकल डेप्थचा थर चढवावा. हा आकडा सूर्याच्या किरणांच्या वाटेत कणांची किती दाटी आहे, ते सांगतो. सूर्य डोक्यावर असताना आकडा ०.१ असेल, तर सुमारे ९० टक्के थेट किरणे कणांच्या तावडीतून सुटून खाली येतात, ०.५ असेल, तर ६० टक्के आणि १ असेल, तर केवळ ३७ टक्के. उरलेला सगळा प्रकाश वाया गेला असे मात्र समजू नये. त्यातला बराच विखुरलेल्या उजेडाच्या रूपाने जमिनीवर पोहोचतो. गच्चीत काठी उभी करून तिच्या सावलीची कड पाहावी. स्वच्छ दिवशी सावली गडद असते. दाट धुराच्या दिवशी ती फिकट, धूसर होते, कारण आकाशाच्या सर्व बाजूंनी उजेड येत असतो. सूर्याकडे थेट पाहण्याची गरज नाही आणि पाहूही नये.

दोन बाबतींत हा आकडा फसवतो. एक म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत वायव्येकडून धूळही येते आणि ऑप्टिकल डेप्थच्या आकड्यात ती धुराबरोबर मोजली जाते. धुळीचे कण जाडे असतात, धुराचे बारीक. त्यामुळे बारीक कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त अडवतात, तर धूळ सगळे रंग जवळजवळ सारखे अडवते. हा फरक ‘अँगस्ट्रॉम एक्सपोनंट’ या आकड्यात दिसतो: तो १ च्या बराच वर असेल, तर बारीक कण, म्हणजे धूर किंवा प्रदूषण, शून्याच्या जवळ असेल, तर धूळ. कानपूर आणि पुणे इथल्या ‘एरोनेट’ या जागतिक जाळ्यातल्या केंद्रांवरून सूर्याकडे रोखलेल्या उपकरणांनी घेतलेले असे आकडे सर्वांना पाहता येतात. दुसरी गोष्ट अशी, की ऑप्टिकल डेप्थ संपूर्ण आकाशाच्या उंचीचा हिशेब सांगते, तर शहरातल्या फलकावरचा पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा आकडा नाकापाशी असलेल्या हवेचा. एप्रिलच्या दुपारी तापलेली हवा दोन-तीन किलोमीटरपर्यंत घुसळली जाते, म्हणून नरवाईचा पुष्कळ धूर असूनही फलकावरचा आकडा मध्यम राहू शकतो. थंडीतल्या पहाटे तोच धूर दोन-तीनशे मीटरच्या थरात कोंडतो आणि आकडा चढतो. श्वासाचा आणि हवामानाचा हिशेब वेगवेगळ्या मापांनी करावा.

उंची आणि काळ

शेतातला धूर सहसा खालच्या थरांत राहतो आणि आठवडाभरात पावसाबरोबर किंवा आपोआप जमिनीवर येतो. मोठ्या वणव्यांचे तसे नसते. २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांनी स्वतःचेच गडगडाटी ढग निर्माण केले आणि त्यांनी धूर स्थितांबरात फेकला. तिथे काळा कार्बन उन्हाने तापला, सभोवतालच्या हवेला हलके करत गेला आणि त्या धुराचा एक लोट सुमारे ३५ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचला. तिथे पाऊस नसल्याने असे कण महिनोन्‌महिने टिकतात.

सगळी बेरीज कशी होते, ते आता पाहता येईल. आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १७५० पासून २०१९ पर्यंत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवर २.१६ वॅट अधिक उष्णता अडकते, तर माणसाने हवेत सोडलेल्या सर्व प्रकारच्या कणांचा एकत्रित परिणाम सुमारे उणे १.१ वॅट आहे. यात धुराबरोबर कोळसा आणि तेलातून येणारी सल्फेटही आहेत. एकट्या काळ्या कार्बनचा परिणाम २०१३ च्या एका मोठ्या आढाव्याने अधिक १.१ वॅट इतका धरला होता. तापलेल्या हवेमुळे ढगांत होणारे बदल वजा केल्यावर २०२१ च्या अहवालाने तो ०.११ वॅटच्या आसपास ठेवला आणि तो शून्याच्या खालीही असू शकतो, हे मान्य केले. एखादा वक्ता धुराने जग तापते किंवा धुराने जग थंड होते, असे ठासून सांगू लागला, की हे दोन आकडे आठवावेत.

काळाचा फरक मात्र निर्विवाद आहे. खालच्या थरांतले कण आठवड्याने संपतात. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शतकानुशतके राहतो. गव्हाच्या काडातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पुढचे पीक बऱ्याच अंशी परत ओढून घेते, म्हणून नरवाईच्या बाबतीत खरा हिशेब कणांचा, मिथेनचा आणि नायट्रस ऑक्साइडचा असतो. जंगल जळाले, तर तोच कार्बन परत झाडांत यायला अनेक दशके लागतात.

शेतातल्या आणि चुलीतल्या धुराचा वाटा मोठा कसा ठरला, ते मराठी वाचकाला आवडेल. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मालदीवमध्ये आणि आपल्या सिंहगडावर हवेतले कण गोळा करून त्यांतला कार्बन-१४ मोजला गेला. कोळसा आणि पेट्रोल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली असल्याने त्यांत कार्बन-१४ उरलेला नसतो. लाकूड, काड आणि गोवरी यांत तो असतो. मोजण्याच्या पद्धतीनुसार निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत काजळी अशा ताज्या जळणातून आल्याचे दिसले. हवेतल्या काजळीचे मूळ तिच्या अणूंवरून असे विचारता येते, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

शेती असलेल्या नातेवाइकांशी बोलताना मी हे सारे आकडे काढत नाही. ‘काका, आपल्या शेताच्या धुरामुळे यंदाचा पाऊस गेला, असे कोणी म्हटले तर मानू नका, एका शेताचे आणि एका पावसाचे असे नाते जोडता येत नाही,’ एवढे आधी स्पष्ट सांगतो, कारण खोटा धाक घातला, की पुढचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही. मग भुसा करणारा स्ट्रॉ रीपर आणि उभ्या काडातच पेरणी करणारा सुपर सीडर भाड्याने कुठे मिळतो, याची चौकशी आम्ही मिळून करतो.

वही मे महिन्यात बंद करू नये. वळिवाची पहिली सर येण्याची चिन्हे दिसली, की गच्चीच्या मध्यभागी, भिंतींपासून आणि झाडांपासून दूर, घासून स्वच्छ केलेली स्टीलची परात ठेवावी. सर ओसरल्यावर परातीतले पाणी पांढऱ्या कापडाच्या दुहेरी घडीतून गाळावे. कापडावर उरलेला मळकट थर हा चैत्रातल्या नरवाईचा नसतो, तो धूर केव्हाच निघून गेलेला असतो. हा शेवटच्या काही दिवसांतल्या धुळीचा आणि धुराचा थर आहे. कापड वाळवून, तारीख घालून वहीत चिकटवावे आणि दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र असेल, तर वर्ल्डव्ह्यूवरचा इंदूरचा आकडा आदल्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून त्याच पानावर लिहावा.